पाव घेराचे गणित : घनफूट, घनमीटर आणि मोजणारा हात

मोजमापांचा इतिहास आपल्याकडे परिशिष्टात ढकलला जातो. राजे, लढाया, तह आणि चळवळी यांना ग्रंथाच्या पोटात जागा मिळते. शेर, मण, गज, घनफूट यांची कोष्टके शेवटच्या दोन पानांवर बारीक टाइपात छापली जातात. विद्यार्थी ती पाने वाचत नाहीत, शिक्षक शिकवीत नाहीत, परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही. परंतु ज्यांच्या पूर्वजांचा सत्तेशी संबंध मुख्यतः मापाच्या रूपानेच आला, त्या आपण ही पाने अशी उलटून जाणे बरोबर नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी राजा कधी पाहिला नसेल. खळ्यावरचे माप मात्र त्यांनी दर सुगीला पाहिले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय लाकडाची जुनी मापे आणि त्यांचे मेट्रिक मापांत होणारे रूपांतर हा आहे. विषय रुक्ष वाटेल. एका घनफुटाचे ०.०२८३ घनमीटर होतात, एका घनमीटरचे ३५.३१ घनफूट होतात. यात विचार करण्यासारखे काय आहे, असेही कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, लाकडाच्या बाबतीत हे साधे उत्तर बहुधा अपुरे असते, आणि त्याची किंमत इतिहासात तोडणाऱ्याने आणि वाहणाऱ्याने दिली आहे. हे म्हणणे भावनेच्या बळावर सिद्ध होणार नाही. त्यासाठी गणितच करावे लागेल.

१

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. निश्चित माप हे आपले शत्रू नव्हे. आपल्या समाजाला सर्वांत जास्त छळले ते अनिश्चित मापाने. महारांच्या बलुत्याला ठरलेले वजन नव्हते. कामाला सीमा नव्हती आणि मोबदल्याला माप नव्हते. किती पेंढ्या टाकायच्या हे देणाऱ्याच्या मर्जीवर होते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात महार वतनासंबंधी जे विधेयक मांडले, त्यातील एक प्रमुख मुद्दा बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याचा होता. रूपांतर हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. जे मर्जीवर होते ते आकड्यावर आणायचे, आणि तो आकडा वसूल करण्याची जबाबदारी सरकारवर टाकायची, असा तो विचार होता. ते विधेयक त्या वेळी पार पडले नाही. कनिष्ठ गाववतने नष्ट करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडावे लागले. पण एका मापाचे दुसऱ्या मापात रूपांतर करणे ही राजकीय कृती असते, हे त्या विधेयकाने दाखवून दिले.

लाकडाच्या प्रश्नाकडे मी याच दृष्टीने पाहतो. हा प्रश्न केवळ आदिवासींचा म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मुंबई सरकारने १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीने अस्पृश्यांचा आणि आदिवासींचा एकत्रच विचार केला होता आणि बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. १९७३ च्या दलित पँथरच्या जाहीरनाम्यानेही दलित या शब्दात आदिवासींना, भूमिहीनांना आणि कामकऱ्यांना सामावून घेतले होते. जंगलात कुऱ्हाड चालविणारा वारली, कातकरी, ठाकर आणि शहराच्या वखारीत ओंडके वाहणारा महार-मांग हे एकाच लाकडाच्या दोन टोकांशी उभे होते.

२

आता मापांकडे वळू. मुंबई इलाख्यात सुताराचा आणि कापडवाल्याचा गज २४ तसूंचा होता. तो इंग्रजी मापाने २७ इंच भरे, म्हणजे ६८.५८ सेंटिमीटर, १६ तसूंचा हात १८ इंचांचा. खंडी हे मुळात धान्याचे माप, २० मणांचे. पण लाकूडही खंडीवर मोजले जाई, आणि लाकडाची खंडी ही धान्याच्या खंडीहून अगदी निराळी गोष्ट होती. जहाजबांधणीच्या व्यापारात इंग्रजांनी ‘लोड’ आणला. चौरस घडलेल्या लाकडाचा लोड ५० घनफुटांचा आणि न घडलेल्या गोल लाकडाचा ४० घनफुटांचा मानला जाई. बर्मी सागवानाच्या व्यापारात ५० घनफुटांचा टन चालला. हा टन वजनाचा नव्हे, आकारमानाचा. जळाऊ लाकडाचा ढीग ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ४ फूट उंच रचला की तो एक ‘कॉर्ड’ होई, म्हणजे १२८ घनफूट किंवा ३.६२ घनमीटर. पण या १२८ घनफुटांत लाकडांमधली पोकळीही धरलेली असते. लाकडे वाकडी असली की पोकळी वाढते आणि प्रत्यक्ष लाकूड कमी भरते.

म्हणजे शब्द एक आणि अर्थ अनेक, ही पहिली अडचण. दुसरी अडचण याहून गंभीर आहे. ती ‘घनफूट’ या शब्दातच दडलेली आहे.

गोल ओंडक्याचे आकारमान कसे काढायचे? शाळेतला मुलगा सांगेल की त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले लांबी. पण जंगलात पडलेल्या ओंडक्याची त्रिज्या मोजणे अवघड. त्याला दोरी किंवा फीत गुंडाळून घेर मोजणे सोपे. इंग्लंडमध्ये एडवर्ड हॉपस नावाच्या मोजणीदाराने १७३६ साली लाकूड मोजण्याची तयार कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांतील रीत अशी : ओंडक्याच्या मध्यावर घेर घ्या, त्याचे चार भाग करा, त्या पाव घेराचा वर्ग करा आणि लांबीने गुणा. येणारे उत्तर घनफुटांत. हीच क्वार्टर गर्थची रीत. इंग्रजी अमदानीत ती हिंदुस्थानच्या जंगलखात्यात आणि लाकूडबाजारात रुजली.

उदाहरण घेऊ. एका सागाच्या ओंडक्याचा घेर ४ फूट आणि लांबी १० फूट आहे. पाव घेर १ फूट. १ गुणिले १ गुणिले १० म्हणजे १० घनफूट. हिशोब तोंडी होतो, आणि या रीतीच्या लोकप्रियतेचे हेच कारण. पण या ओंडक्यात खरे लाकूड किती? घेराच्या वर्गाला ४ पायने, म्हणजे १२.५७ ने भागून लांबीने गुणले तर उत्तर १२.७३ घनफूट येते. पाव घेराच्या रीतीने २.७३ घनफूट लाकूड वहीत उतरतच नाही. दर १०० घनफूट खऱ्या लाकडामागे ७८.५४ घनफूट लिहिले जातात; साडेएकवीस टक्के गळतात.

या गळतीचे समर्थन केले जाई ते असे की, गोल ओंडका चौरस करताना चारी बाजूंच्या फाका निघतात, त्यांची ही वजावट. समर्थन अगदीच खोटे नाही. गोलात बसणारा सर्वांत मोठा चौरस कापला तर खऱ्या लाकडाच्या ६३.७ टक्केच उरतात. तेव्हा हॉपसचा आकडा खरे लाकूड आणि चौरस लाकूड यांच्या मधला आहे. घेणारा आणि विकणारा दोघेही ही रीत जाणत असतील तर भावातच तडजोड होते आणि कोणाचे नुकसान होत नाही. हे मान्य केले पाहिजे. माप खोटे असूनही व्यवहार खरा असू शकतो. अट एवढीच की दोन्ही बाजूंना माप ठाऊक हवे.

३

ही अट जेथे पाळली गेली नाही तेथे काय झाले, याची मोठी साक्ष बर्माच्या इतिहासात आहे, आणि तिचे एक टोक आपल्या कोकणात आहे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली मुंबईत स्थापन झाली. वरच्या बर्मातील सागाच्या जंगलांचे ठेके तिच्याकडे होते. कंपनीने जितके ओंडके बाहेर नेले त्याहून पुष्कळ कमी ओंडक्यांची रॉयल्टी भरली, असा आरोप १८८५ साली थिबा राजाच्या दरबारात ठेवण्यात आला आणि कंपनीला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड झाला. कंपनीने आरोप नाकारला. इंग्रज सरकारने ते प्रकरण हाती घेतले, निर्वाणीचा खलिता पाठविला, आणि नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले पडले. युद्धामागे फ्रेंचांशी असलेली स्पर्धा, व्यापारी महत्त्वाकांक्षा अशी इतरही कारणे होती. पण निमित्त झाले ते ओंडक्यांच्या मोजदादीचे. थिबा राजाला १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि १९१६ साली तो तेथेच मेला. रत्नागिरीचा थिबा राजवाडा पाहायला शाळांच्या सहली जातात. राजा किती वर्षे कैदेत होता हे तेथे मुले विचारतात. लाकडे मोजण्याचा अधिकार कोणाचा, या वादातून तो तेथे आला, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

एका राज्याच्या दरबाराला लाकडाचा हिशोब मागण्याची ही शिक्षा मिळाली. मग जंगलातल्या मजुराने हिशोब मागावा कोणत्या बळावर?

४

१८६५ आणि १८७८ च्या जंगल कायद्यांनी सरकार जंगलाचे मालक झाले. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कडाडून टीका केली आहे, शेतकऱ्याची गुरेचराई आणि पालापाचोळा या खात्याने कसा हिरावून घेतला हे त्यांनी त्याच काळात ओळखले होते. या व्यवस्थेत कूप लिलावाने ठेकेदाराला जाई, ठेकेदार मजूर लावी. झाड पाडणे, फांद्या सवळणे, ओंडके तोडणे, ते गाडीवाटेपर्यंत ओढणे ही सारी कामे आदिवासींची. फीत, वही आणि हातोड्याचा शिक्का मात्र त्यांच्या हातात कधीच नव्हता.

फीत धरणाऱ्याच्या हातात पाव घेराखेरीज आणखी एक हत्यार असते. ते म्हणजे अपूर्णांक सोडून देणे. समजा, घेर ४ फूट ३ इंच आहे. पाव घेर पाऊण इंच जास्त, म्हणजे १२.७५ इंच. लांबी १० फूट असेल तर पाव घेराच्याच रीतीने ११.२९ घनफूट व्हायला हवेत. पण पाव घेरातला अपूर्णांक सोडून १२ इंच धरले की वहीत १० घनफूट लागतात. पाऊण इंचाने ११ टक्के लाकूड नाहीसे होते. आकडा वर्गात चढतो म्हणून असे होते. ज्याला वर्ग म्हणजे काय हे शिकविलेलेच नाही, त्याला पाऊण इंच ही क्षुल्लक गोष्ट वाटणार.

मी येथे माझ्या घरातली एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यात या विषयाचे मर्म आहे. माझे आजोबा एका शहरातल्या लाकडाच्या वखारीत हमाली करीत. त्यांना अक्षरओळख नव्हती. दिवसभरात जितके ओंडके उतरविले तितक्या रेघा ते घरी आल्यावर भिंतीवर कोळशाने ओढीत. आठवड्याने वखारीत पैसे मिळत ते घनफुटांवर. भिंतीवर ओंडके होते आणि वहीत घनफूट होते. दोन हिशोबांचा मेळ घालायला मधले गणित हवे होते आणि ते आमच्या घरात कोणाला येत नव्हते. आजोबांची मोजणी चुकीची नव्हती. ती वेगळ्या एककात होती, आणि त्या एककाला बाजारात किंमत नव्हती. घरात शाळेची पायरी प्रथम मी चढलो आणि गुणाकार माझ्या पिढीत आला. तोवर भिंत अनेकदा सारवून झाली होती. अशा सारवलेल्या भिंती आपल्या वस्त्या-वस्त्यांत आहेत. इतिहासकाराला वखारीची वही सापडते. भिंत सापडत नाही.

यावर आदिवासींनी जे उत्तर शोधले ते आपण नीट समजून घेतले पाहिजे. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ साली वेठीविरुद्ध लढा पुकारला. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील किसान सभा त्यांच्या पाठीशी होती. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. या लढ्यातली गवतकापणीची मागणी अशी होती : ५०० पौंड गवताला अडीच रुपये. या मागणीत दोन आकडे आहेत. पुष्कळ चळवळी दुसरा आकडा, म्हणजे दर, तेवढा मागतात आणि पहिला मालकावर सोडतात. वारल्यांनी वजनही बोलून दाखविले. ‘एका भाऱ्याला अमुक’ असे ते म्हणाले असते तर दर वाढताच भाराही वाढला असता. ५०० पौंड म्हणजे २२६.८ किलो, हे रूपांतर आज कोणीही करू शकतो, कारण मागणीतच माप निश्चित केलेले होते. चळवळीच्या मागणीपत्रात एकक लिहिणे किती आवश्यक असते, याचा हा धडा आहे.

५

मेट्रिक पद्धतीचा जन्मही अशाच असंतोषातून झाला, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांतीपूर्वी गावोगावच्या तक्रारी वह्यांतून गोळा करण्यात आल्या. जमीनदाराचे माप गावागणिक निराळे, आणि खंड घेताना तो मोठ्या मापाने घेतो, ही त्यांतील एक वारंवार येणारी तक्रार होती. सर्वांना एकच माप हवे, ही मागणी त्यातून पुढे आली. १७९५ च्या कायद्याने मीटर, लिटर, ग्रॅम यांची नावे ठरविली, तेव्हा त्यांच्याबरोबर ‘स्तेर’ नावाचे एक एककही ठरविले. स्तेर म्हणजे एक घनमीटर, आणि ते खास जळाऊ लाकडासाठी होते. मेट्रिक पद्धतीच्या पहिल्याच यादीत गरिबाच्या चुलीतल्या लाकडाला स्थान होते.

समतेची ही कल्पना आपल्याला परकी नाही. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ज्या गोष्टींपासून गौतम दूर राहतो त्यांत तुलाकूट, कंसकूट आणि मानकूट यांची नावे येतात. तुलाकूट म्हणजे खोटा तराजू, मानकूट म्हणजे खोटे माप. प्राणिहत्या आणि चोरी यांच्या बरोबरीने खोट्या मापाची गणना शीलाच्या विचारात झाली आहे, हे बौद्ध कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावे. माप हा धम्माचाही विषय आहे.

भारतात १९५६ साली वजनेमापे प्रमाणीकरणाचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली. हा बदल पुरोगामी होता याबद्दल मला शंका नाही. पण बदलाच्या सांध्यात फट असते. एका आण्याचे ६.२५ नवे पैसे होत; कोष्टकात ६ धरले. चार आणे एकदम मिळाले तर २५ नवे पैसे. पण चार वेळा एकेक आणा मिळाला तर २४. ज्याची मजुरी तुकड्यातुकड्याने येते त्याचाच पैसा फटीत पडतो.

लाकडात ही फट पैशापेक्षा कितीतरी रुंद आहे. वरच्या मापाचे १०० ओंडके घेऊ. पाव घेराने ते १००० घनफूट. खरे लाकूड १२७३ घनफूट, म्हणजे ३६.०५ घनमीटर. पाव घेराचीच रीत मीटरमध्ये वापरली तर २८.३२ घनमीटर. हिशोबापुरता दर एका पाव घेराच्या घनफुटाला १ रुपया धरू. जुनी रक्कम १००० रुपये. आता दर घनमीटरला बदलायचा आहे. एका घनमीटरचे खरे घनफूट ३५.३१ आणि पाव घेराचे घनफूट २७.७४. म्हणून चार उत्तरे संभवतात.

पहिले : लाकूड खऱ्या घनमीटरने मोजले आणि दर २७.७४ रुपये धरला. ३६.०५ गुणिले २७.७४, म्हणजे १००० रुपये. हिशोब बरोबर. दुसरे : लाकूड पाव घेराच्या घनमीटरने मोजले आणि दर ३५.३१ धरला. २८.३२ गुणिले ३५.३१, पुन्हा १००० रुपये. हाही हिशोब बरोबर. तिसरे : लाकूड खऱ्या घनमीटरने मोजले आणि दर ३५.३१ धरला. रक्कम १२७३ रुपये. येथे देणारा बुडतो. चौथे : लाकूड पाव घेराने मोजले आणि दर मात्र २७.७४ धरला. रक्कम सुमारे ७८५ रुपये. येथे वजावट दोनदा झाली, एकदा मापात आणि एकदा दरात. ओंडके तेच, घाम तोच, आणि २१५ रुपये गेले.

या चारही हिशोबांत ‘घनमीटर’ हा एकच शब्द आहे आणि प्रत्येक गुणाकार अचूक आहे. कोष्टक दाखवून चौथ्या हिशोबाचे समर्थन करता येते. तिसऱ्या प्रकारची चूक झाली तर ती देणाऱ्याच्या ध्यानात त्याच दिवशी येईल, कारण त्याच्याकडे वही आहे. चौथ्या प्रकारची चूक झाली तर ती कोणाच्या ध्यानात येईल? विषमतेच्या समाजात चुकादेखील एकाच बाजूला कलतात, त्याचे कारण हे आहे. त्यासाठी प्रत्येक वेळी कोणी कट केलाच पाहिजे असे नाही.

अपूर्णांकाचे हत्यारही मेट्रिकने बोथट झाले नाही. वरच्या ओंडक्याचा घेर १२१.९२ सेंटिमीटर आणि लांबी ३.०४८ मीटर भरते. घेर १२१ आणि लांबी ३ मीटर लिहिली की सुमारे ३ टक्के लाकूड गेले. १०० ओंडक्यांमागे ३ ओंडके फुकट. पद्धत शास्त्रीय आहे म्हणून ती वापरणारा न्यायी होतो, असे मानण्याचा भोळेपणा आपल्याला परवडणार नाही.

६

हा प्रश्न जुन्या वह्यांपुरता उरलेला नाही. १९५६ च्या कायद्यानंतर १९७६ चा आणि २००९ चा कायदा झाला; तरी लाकडाच्या वखारीत आजही भाव घनफुटाने बोलला जातो, आणि परदेशातून येणाऱ्या सागाच्या व्यवहारात हॉपसचा घनमीटर हा शब्द अजून चालतो. अठराव्या शतकातल्या त्या इंग्रज मोजणीदाराने घनमीटरमध्येही प्रवेश मिळविला आहे.

इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मला म्हणून काही ठोस सांगायचे आहे. जुन्या कूपाचे, वखारीचे किंवा जंगल कामगार संस्थेचे कागद हाती आले की घनफुटांचा आकडा पाहून लगेच ३५.३१ ने भागू नये. आधी पाहावे : लाकूड गोल आहे की घडलेले? गोल असेल तर पाव घेराने मोजले आहे की खऱ्या आकारमानाने? घेर आणि लांबी सुटी नोंदलेली असेल तर एका ओंडक्याचे गणित स्वतः करून पाहावे, दोन मिनिटांत रीत उघड होते. पाव घेराचा घनफूट असेल तर ०.०३६०५ ने गुणावे, खरा घनफूट असेल तर ०.०२८३२ ने. जळाऊ लाकूड असेल तर तो ढीग आहे की भरीव लाकूड, हे ठरविल्याशिवाय रूपांतर करूच नये. टन लिहिला असेल तर तो वजनाचा की ५० घनफुटांचा, हे पाहावे. घेर सालीसकट घेतला की साल काढून, याचाही शोध घ्यावा. आणि शेवटी मजुरीचा दर कोणत्या एककावर होता, ते मोजणीच्या एककाशी ताडून पाहावे. याच ठिकाणी पुष्कळदा दोन निराळे घनफूट एकाच पानावर भेटण्याचा संभव असतो.

कार्यकर्त्यांना सांगायचे ते याहून थोडके आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला. इमारती लाकूड त्यात आलेले नाही, बांबू आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाने २०११ साली आपल्या जंगलातला बांबू आपल्या अधिकारात विकला. त्या घटनेचे महत्त्व मिळालेल्या पैशापुरते नाही. मोजणारा आणि तोडणारा हे तेथे एकाच बाजूला आले. जेथे असे झालेले नाही, तेथे दराची मागणी करताना एकक, मोजण्याची रीत आणि अपूर्णांकाचा नियम या तिन्ही गोष्टी मागणीपत्रात लिहून घ्याव्यात, आणि मोजणीच्या वेळी आपला एक माणूस फीत धरायला उभा करावा.

राहता राहिले आपण शिक्षक. वर्गात पाय शिकविताना वर्तुळाचे क्षेत्रफळ आपण फळ्यावर काढतो आणि पुढे जातो. त्या तासाला एक ओंडका आणि एक दोरी वर्गात आणावी. मुलांकडून घेर मोजून घ्यावा, पाव घेराने उत्तर काढायला लावावे, मग पायने काढायला लावावे. दोन उत्तरांत जे अंतर पडेल ते कोणाकडे गेले असेल, हा प्रश्न मुलांना विचारावा. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी त्याचे उत्तर ठाऊक असलेले म्हातारे माणूस अजून असेल.